या पिढीत नवीन काय

४ फेब्रुवारी

तायडे,

तुझा लेख वाचला. ‘कन्सोलच्या पाच पिढ्या झाल्या, गवत तेवढं हिरवं झालं.’ हे वाक्य कुणीतरी मोठ्या अक्षरात छापून आमच्या कँटीनच्या दाराला चिकटवलंय. येता-जाता लोक हसतात. हे लिहिणारी बाई माझी सख्खी मावसबहीण आहे आणि लहानपणी हरायला लागली की टीव्हीची वायर उपटायची, हे त्यांना माहीत नाही.

कागदावर लिहितोय म्हणून दचकू नकोस. नवं मशीन बाजारात येईपर्यंत कामाबद्दल फोनवर किंवा मेलवर चकार शब्द काढला तरी कंपनी घरी बसवते. टपालाने जाणारं पत्र वाचायचं मात्र अजून कुणाला सुचलेलं नाही. तेव्हा रविवारच्या फोनवर मी तुम्हा दोघींना जेवलात का एवढंच विचारणार, बाकी सगळं इथे.

आईला एक खोकं पाठवलंय. त्यात कन्सोल आहे आणि एक राखाडी कंट्रोलर, ज्यावर काहीच छापलेलं नाही. तो मी बनवलाय. आई वरच्या मजल्यावर, तू खालच्या, म्हणजे जोडून द्यायचं काम तुझं. तिचा उजवा हात हल्ली थरथरतो असं तूच म्हणाली होतीस. हा कंट्रोलर ती थरथर ओळखतो, हाताला खरं काय करायचंय तेवढं वेगळं काढतो आणि फक्त तेच मशीनला सांगतो. आजवर माणसं मशीनची बटणं शिकत आली. पहिल्यांदाच मशीन माणसाचा हात शिकतंय. तिला रोज अर्धा तास खेळायला बसव. आणि इंटरनेटची वायर काढू नकोस, कारण हाताची सगळी नोंद तिथून माझ्याकडे येते आणि तिच्यावरून मी कंट्रोलर सुधारत जातो.

आता लिहून दाखव, नवीन काही नाही म्हणून.

तुझा
ठोकळ्या


२६ फेब्रुवारी

ठोकळ्या,

तुझ्या पत्राचा अर्धा भाग जाहिरातीसारखा होता आणि उरलेला अर्धा जाहिरातच होती. तरी उत्तर देते, कारण खोकं उघडलं.

पण आधी भांडण. मी उगाच खवचटपणा करत नाही. पहिल्या कन्सोलवर पडद्यावरची एक पांढरी रेघ आपल्या हाताने वर-खाली झाली, तेव्हा आपण दोघं किंचाळलो होतो. मग रंग आले. मग एक दिवस पडद्यातल्या घराला वळसा घालून मागच्या अंगणात जाता आलं. पडद्याला मागची बाजू असते हे तुला इतकं खरं वाटलं की तू उठून टीव्हीच्या मागे जाऊन बघून आलास. ते नवीन होतं. त्यानंतर काय झालं? नायकाच्या कपाळावरचा घाम दिसायला लागला. डबक्यात ढग दिसायला लागला. दर सहा-सात वर्षांनी तुम्ही लोक चांगला चालता डबा अडगळीत टाकायला लावता, आणि नव्यात तीच गाडी, तीच बंदूक, तोच गुरगुरणारा राक्षस. माझ्या नोकरीत हे सगळं ‘थक्क करणारं’ आहे असं लिहावं लागतं. मी लिहीत नाही, म्हणून मला दिवाळखोर मासिकात काम करावं लागतं.

आता मावशी. ती म्हणाली, ‘पोराने पाठवलंय ना, मग चार दिवस करू नाटक.’ मी होडीची शर्यत लावून दिली. नदी, खडक, वळणं. तुला आठवत असेल, नकाशांच्या ऑफिसात तिने तीस वर्षं शाईने रेघा ओढल्या. तिच्या रेघेवर पट्टी ठेवून बघायला साहेब लोक यायचे आणि मान हलवत परत जायचे. तो हात आता कप बशीत ठेवताना खडखडतो. त्याच हाताने तिने होडी दोन खडकांच्या मधून सरळ काढली. मग खेळ थांबवला आणि हात डोळ्यांसमोर धरून उलटा-पालटा करून बघत बसली. ‘माझाच आहे की गं,’ म्हणाली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच नळ सोडून उभी राहिले.

तेव्हा मान्य. हे नवीन आहे. फक्त लेख पहिला माझा. दुसऱ्या कुणाला आधी कळलं तर तुझी खैर नाही.

आपले नेहमीचे डॉक्टर म्हणतात थरथर वयाची आहे. एखाद्या मोठ्या डॉक्टरला दाखवू का?

तायडी


१९ मार्च

तायडे,

‘मान्य’ हा शब्द तुझ्या अक्षरात मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. कापून पाकिटात ठेवलाय. लेख पहिला तुझाच, शब्द देतो.

मशीन आईचा हात सुरेख शिकतंय. थोडी माहिती लागेल. चालताना तिचा उजवा पाय घासतो का? अक्षर पूर्वीपेक्षा बारीक झालंय का? आणि वास येतो का तिला, म्हणजे दूध करपलं तर कळतं का? जुळणीसाठी लागतं हे, बाकी काही नाही.

मोठ्या डॉक्टरचं आत्ता राहू दे. ते लोक दहा तपासण्या करतात, मूठभर गोळ्या देतात, धडधाकट माणूस घाबरून अंथरूण धरतो. मशीन बाजारात आलं की मी लांबलचक सुट्टी काढून येतो आणि मीच तिला नेतो. तोवर खेळू दे. खूश आहे ना ती? मग झालं तर.

ठोकळ्या


२ जून

ठोकळ्या,

उत्तराला उशीर झाला. मध्ये दोन मशीनं तपासली. दोन्हींत गवत उत्तम होतं.

तुझे प्रश्न. पाय घासतो. चपलेचा एकच तळवा झिजलाय. अक्षर मुंग्यांसारखं झालंय. डब्यांवरच्या तिच्या चिठ्ठ्या वाचायला मला भिंग लागतं. आणि परवा दूध करपून घरभर धूर झाला तरी ती शेजारच्या खुर्चीत बसून मटार सोलत होती. तुझं पत्र वाचून मला वाटलं, पोरगा एवढ्या लांब राहून किती बारीक बघतो. मी तसं तिला सांगितलं. लाजली. ‘पहिल्यापासूनच बारीक नजर त्याची,’ म्हणाली.

होडीत मात्र तिला तोड नाही. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर रोज संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हरायला येतात. ती त्यांना म्हणते, ‘तुमचा हात जड आहे.’ ते म्हणतात, ‘तुमच्यापुढे कुणाचाही असेल.’ इतकं बरं चाललंय.

आणि घोळ नेमका इथेच आहे. डॉक्टरचं नाव काढलं की ती म्हणते, ‘होडी सरळ जाते ना? मग मला काय झालंय?’ कप हातातून निसटला तर कप बुळबुळीत. जिन्यात अडखळली तर पायरी उंच. तुझ्या त्या राखाडी वस्तूने तिला तब्येतीचं खोटं सर्टिफिकेट दिलंय, आणि ते ती सगळ्यांना दाखवत सुटते. मला हे बरं दिसत नाही. मी नेऊ का तिला? तू थांब म्हणालास म्हणून थांबले आहे.

आणि लेखाचं काय? संपादक डोक्यावर बसलाय.

तायडी


२१ जून

तायडे!

काल पहिल्यांदा जगाला दाखवलं. भलंमोठं सभागृह, माणसं पायऱ्यांवर बसलेली. आधी साहेबांनी नवं गवत दाखवलं. टाळ्या पडल्या, नेहमीसारख्या. मग दिवे मंद झाले आणि पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची करवतीसारखी. खालची सरळ. साहेब म्हणाले, ‘वरची रेघ हाताची. खालची आमची.’ सगळं सभागृह उठून उभं राहिलं.

तायडे, ती वरची रेघ आईची.

मग त्यांनी फेब्रुवारी, एप्रिल आणि जून अशी तिन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. दर वेळी वरच्या करवतीचे दात मोठे, आणि खालची रेघ तश्शीच सरळ. आईशिवाय हे जमलंच नसतं. आम्ही बरेच हात घेतले होते, पण बाकीच्यांनी मध्येच औषधं सुरू केली आणि त्यांच्या रेघा निकामी झाल्या. एवढा छान बिघडत गेलेला दुसरा एकही हात आमच्याकडे नव्हता.

मला खात्याचा मुख्य केलंय. तुझं मशीन पुढच्या आठवड्यात पोचेल, सगळ्यांच्या आधी. डॉक्टरचं म्हणशील तर बाजारात यायला आता महिनाच राहिलाय. एवढं थांबलीस, अजून थोडं थांब.

तुझा
साहेब झालेला
ठोकळ्या


९ जुलै

फोनवर तुला एवढंच सांगितलं की मावशी पडली, कमरेचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तू म्हणालास, लाँच झाल्याशिवाय निघता येत नाही, काळजी घे. बाकीचं मी फोनवर बोलले नाही, कारण त्याचं उत्तर मला कागदावर हवंय.

ती पलंगावरून उठून न्हाणीघराकडे निघाली होती. मध्येच उजवा पाय जमिनीला चिकटला. ‘खिळा मारावा तसा,’ असं तिने सांगितलं. वरचं अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला. मी खालून धप्प ऐकलं आणि वर धावले. जमिनीवर पडल्या पडल्या ती मला काय म्हणाली माहितेय? ‘ठोकळ्याला सांगू नकोस, त्याचं महत्त्वाचं काम चाललंय.’

हाडांचे डॉक्टर ऑपरेशन करून गेले, पण जाताना तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंना पाठवलं. त्यांनी तिला अंगठ्यावर बोट टेकवत राहायला सांगितलं. सुरुवातीला मोठं टेकवलं, मग लहान, मग बोट हलेचना. बाई मला बाहेर घेऊन गेल्या. कंपवात आहे, म्हणाल्या. बरा होत नाही. पण वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर पाय उचलतो, हात बराच काळ ऐकतो, माणूस असा दाणकन पडत नाही. मग त्यांनी विचारलं, पाय घासायचा का? अक्षर बारीक झालं होतं का? वास यायचा का? आणि शेवटी, ‘घरात कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?’

मी घरी आले तर दारात तुझं पत्र पडलेलं.

‘बाकीच्यांनी औषधं सुरू केली.’ कशावरची औषधं, ठोकळ्या?

जे तीन प्रश्न त्या बाईंनी रुग्णालयात विचारले ते तू मला मार्चमध्ये विचारले होतेस. जुळणीसाठी. तुला कधी कळलं? मला खुलासा नको, फक्त महिना सांग.


२२ जुलै

मार्च.

मला नाही, मशीनला कळलं. नोंदीच्या कडेला एक खूण येते, ‘आजारी हात’ अशी. ती बरोबर असेलच असं नसतं. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. खूण खोटी निघाली असती तर आईला उगाच घाबरवल्याबद्दल तूच मला फाडून खाल्लं असतंस.

तुला राग आलाय, तो येऊ दे. पण डोकं ठिकाणावर ठेवून विचार कर. गोळी घेतलेला हात दिवसभरात चार वेळा बदलतो. त्याच्यावरून मशीन शिकू शकत नाही. शिकायला एक तरी औषधाने न बदललेला हात लागतो. असे थरथरणारे हात जगात किती आहेत! त्या सगळ्यांना कप नाही, पण निदान होडी तरी सरळ धरता यावी म्हणून एका बाईचे चार महिने गेले. पाच पिढ्यांत काहीच नवीन झालं नाही म्हणून तूच गळा काढत होतीस ना? नवीन असंच होतं. कुणाच्या तरी अंगावरून जातं ते.

आणि तू? मी तुझा हात धरून ठेवला होता का? मी इतक्या लांब, माझ्यासमोर फक्त रेघा. तिच्या खालच्याच मजल्यावर तू होतीस. घासणारा पाय तू बघितलास, धुराने भरलेलं घर तू बघितलंस. टॅक्सी बोलावून तिला कोंबायचं आणि न्यायचं, एवढंच होतं. माझ्या परवानगीवाचून तू आजवर साधं पाणी तरी प्यायची राहिलीस का? मग याच वेळी कशी आज्ञाधारक झालीस? सांगतो. मी रुसलो असतो तर पहिला लेख दुसऱ्याकडे गेला असता. तुझ्या प्रत्येक पत्रात आई वर असते आणि लेख तळाला असतो, पण लेख विसरलीस असं एकदाही झालं नाही.

यातलं काही छापू नकोस. आईला तर मुळीच सांगू नकोस. तिला मी येऊन माझ्या तोंडाने सांगेन.


३० ऑगस्ट

लेख सोबत जोडलाय. मथळा माझाच आहे: ‘यंदा खरंच नवीन आहे.’

गवताला एक ओळ दिली. बाकी सगळा लेख तुझ्या कंट्रोलरवर. पहिल्या निम्म्या भागात त्याची स्तुती आहे, मनापासून केलेली, माझ्या नावावर इतकी स्तुती आजवर छापून आलेली नाही. दुसऱ्या निम्म्या भागात एक मशीन डॉक्टरच्या आधी आजार ओळखतं आणि एक मुलगा चार महिने आपल्या आईची रेघ वाकडी होताना बघत बसतो, कारण ती जितकी वाकडी होईल तितकं त्याचं काम चांगलं दिसणार असतं. नाव घातलेलं नाही. तुमच्या कँटीनमध्ये ओळखतील.

लेखासाठी मी थांबले, असं तू लिहिलंस. थांबले असेन. आता लेख झाला.

आणि तुझी सगळी पत्रं मी मावशीला वाचून दाखवली. तू येऊन तुझ्या तोंडाने सांगणार होतास, पण तुझं तोंड काही आलं नाही. पलंगाशेजारी खुर्ची ओढून एकेक करून वाचली. ‘एवढा छान बिघडत गेलेला हात’ हे वाक्य तिने परत वाचायला लावलं. मग अजून एकदा. मग म्हणाली, ‘शब्द चांगले सुचतात त्याला.’ माझ्यावर आग पाखडलीस ते पत्र वगळणार होते. वगळलं नाही. तेव्हा तिने चष्मा मागून घेतला आणि तेवढं पत्र स्वतः वाचलं.

गोळ्या लागू पडतायत. चेहरा हलतो, पाय उचलतो, काठी घेऊन खिडकीपर्यंत जाते. उजवा हात तेवढा अजून हट्टी आहे. त्याला होडीच लागते. सकाळी उठली की आधी कंट्रोलर मागते. मला वाटलं होतं फेकून देईल. नाही फेकला. म्हणाली, ‘वस्तूचा काय दोष?’

तायडी


२४ सप्टेंबर

तायडे,

तुझा लेख आधी आमच्या जाहिरात खात्याला फार आवडला. ‘डॉक्टरच्या आधी ओळखतं’ एवढेच शब्द उचलून त्यांनी मोठे फलक लावले. दुकानांत मशीनं पुरेनात. तू मला बुडवायला निघालीस आणि माझ्याशी पंधरा दिवस लोक हात मिळवत होते.

मग वकील जागे झाले. मशीनला आजार कळत असेल तर तो न सांगणं अंगाशी येणार. सांगावा तर आम्ही दवाखाना नाही. म्हणून मशीनला कळताच कामा नये, असं ठरलं. आता थरथर ओळखणारा आणि ती गाळून टाकणारा भाग एकच आहे. एक बंद केला की दुसरा राहत नाही. जिथे जिथे मशीन इंटरनेटला जोडलेलं आहे तिथे तो बंद करायचा हुकूम निघाला. बंद करायचं काम माझ्याकडे आलं, खात्याचा मुख्य ना मी. गेल्या मंगळवारी केलं.

खरं सांगतो, आईचं वाचवता आलं असतं. तुला आधी एक ओळ कळवली असती तर तू वायर काढून ठेवली असतीस आणि तिच्या मशीनपर्यंत हे पोचलंच नसतं. ओळ लिहायला बसलोही होतो. मग तुझा लेख समोर दिसला. म्हटलं, हिला कशाला कळवू? ही तेही छापेल. कागद चुरगळला.

तो कंट्रोलर आता बाकीच्या कंट्रोलरसारखाच. पुढच्या पिढीचं काम सुरू झालंय. त्यात नवीन काय, असं विचारणार असशील तर सांगतो. मला गवताच्या खात्यात टाकलंय.

ठोकळ्या


१५ ऑक्टोबर

ठोकळ्या,

त्या मंगळवारी मावशीची होडी पहिल्याच खडकावर आपटली. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी काठावर चढून उलटी झाली. बँक मॅनेजर आयुष्यात पहिल्यांदा जिंकले. त्यांना वाटलं ती मुद्दाम हरतेय, म्हणून ते खुशीत हसत सुटले. मग तिचा चेहरा बघून उठले आणि पाणी आणायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत.

ती दुपारपर्यंत खेळत राहिली. जेवली नाही. शेवटी कंट्रोलर मांडीवर ठेवून म्हणाली, ‘संपला वाटतं हात.’ मला कारण माहीत नव्हतं. मी म्हटलं, मशीन बिघडलं असेल. तर म्हणाली, ‘ठोकळ्याने केलेलं बिघडत नाही.’ पुढचे आठ-दहा दिवस तिने उजवा हात शालीखाली ठेवला. डॉक्टरीणबाईंना दाखवलासुद्धा नाही. आजार एका रात्रीत वाढला असं समजून ती मनात मरणाची तयारी करत होती.

मग तुझं पत्र आलं. तेही मी वाचून दाखवलं. चुरगळलेल्या कागदासकट.

ती म्हणाली, ‘म्हणजे हात होता तसाच आहे.’ मग म्हणाली, ‘आधी त्याने मला आजारी ठेवलं. मग तू ते छापून माझी होडी बुडवलीस. मग तुझ्या रागापायी त्याने वाचवायची ती वाचवली नाही. तुमचं भांडण मोठं छान रंगलं गं. मध्ये माझ्या हाताची तेवढी गैरसोय झाली.’

चार दिवसांनी ती घर सोडून गेली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक शुश्रूषागृह आहे, ते तिने स्वतः फोन करून ठरवलं होतं. मॅनेजर गाडीतून सोडून आले. मला सामानाला हात लावू दिला नाही. मशीन घरातच राहिलंय. पत्ता मला मॅनेजरांकडून मिळाला, खाली लिहिलाय. अजून यायचं असेल तर ये.

तायडी


२८ नोव्हेंबर

तायडे,

मी येऊन गेलो. तुझ्याकडे आलो नाही, जमलं नसतं.

शुश्रूषागृहाचा तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. ती खिडकीशी खुर्चीत होती, अंगावर निळा स्वेटर. केस अगदी बारीक कापलेत तिचे. मी दारातून ‘आई’ म्हटलं. तिने मान वळवली, माझ्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आणि विचारलं, ‘कोण हवंय आपल्याला?’

मी म्हटलं, ‘आई, मी ठोकळ्या.’

तर तिने बेल वाजवली. सिस्टर आली, तिला म्हणाली, ‘हे गृहस्थ खोली चुकलेत बहुतेक. त्यांना जिना दाखवा.’ किती गोड आवाजात म्हणाली, तायडे. अनोळखी माणसाशी बोलावं तसं.

मी बाहेर बाकावर बसून राहिलो. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांसाठी पाय आवरून घेत होतो. संध्याकाळी पुन्हा दारात गेलो, तेव्हा तिने ओळखीचं हसूसुद्धा दिलं नाही. सिस्टर म्हणाली, या आजारात काही जणांना विसरायला होतं, मनाला लावून घेऊ नका.

पण इतक्या लवकर? मी वाचलंय, ते होतं, पण बऱ्याच वर्षांनी. तिच्या हाताच्या सगळ्या नोंदी मी पुन्हा काढून बघितल्या. त्यात तसं काही दिसत नाही. तू त्या डॉक्टरीणबाईंना विचार. आणि खरं असेल तर तसं लिही, लपवू नकोस. मला विसरली असेल तर बाकीचंही विसरली असेल ना? पत्रं, होडी, मार्च महिना. मग मी दर महिन्याला येऊन नव्याने ओळख करून घेईन. चालेल मला ते.

ठोकळ्या


६ डिसेंबर

ठोकळ्या,

डॉक्टरीणबाईंना विचारलं. तिची स्मरणशक्ती उत्तम आहे. त्या मजल्यावरच्या सगळ्या पेशंटांच्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. सिस्टर चुकली की हीच ओरडते.

मला ओळखते. मी दर रविवारी जाते. ‘या, बसा,’ म्हणते. ‘तुम्ही उन्हातून आलात, पाणी घ्या.’ जन्मल्यापासून जिने मला ‘ए भवाने’ म्हणून हाक मारली ती आता मला तुम्ही म्हणते. मी दोनदा रडले, एकदा हातापाया पडले. ‘तुम्हाला बरं वाटत नाहीये का?’ असं विचारून तिने माझ्यासाठी चहा मागवला. निघताना प्रत्येक वेळी म्हणते, ‘माझ्यापायी तुमचा रविवार जातो.’ माझ्या वाट्याला एवढं आहे, आणि त्यासाठी मी दोन बस बदलून जाते.

परवा तुझं पत्र घेऊन गेले होते. वाचून दाखवू का म्हटलं. ‘पत्रं पुष्कळ ऐकली मी,’ म्हणाली. मी ते पिशवीत ठेवलं. सिस्टर गोळी देऊन गेली. मावशीने ती उजव्या हाताने घेतली, थोडं पाणी स्वेटरवर सांडलं, मी पुसायला उठले तर नको म्हणाली.

मग खिडकीबाहेर बघत, माझ्याशी नाही, अशीच म्हणाली, ‘बारीक झालाय. गालफडं बसलीत. खात नसेल वेळेवर.’

मी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, ‘मावशी, परत बोलावू का त्याला?’

ती सावकाश वळली. माझ्याकडे बघितलं. चेहरा अगदी साधा, काही न समजल्यासारखा.

‘कुणाला?’ म्हणाली.

तायडी